बाळांच्या डिजिटल काट्यावर मांजराचे वजन : एक परीक्षण

तान्ह्या बाळांचे वजन करण्यासाठी जो सपाट, रुंद तबकाचा डिजिटल काटा मिळतो, तोच अनेक घरांत मांजरांसाठीही वापरला जातो. काही उत्पादक तशाच रचनेचा काटा ‘पाळीव प्राण्यांसाठी’ म्हणून वेगळ्या खोक्यात घालून विकतात. दोन्हींच्या उपयोगात मला काहीही फरक आढळला नाही. २० किलोपर्यंतची क्षमता, १० ग्रॅमचे लघुतम माप, हालचाल चालू असतानाही आकडा स्थिर धरणारे ‘होल्ड’चे बटण आणि भांड्याचे वजन वजा करणारे ‘टेअर’चे बटण असा या वर्गातील एक काटा आमच्या घरी बऱ्याच काळापासून वापरात आहे. त्याचे परीक्षण मी एकाच कसोटीवर करणार आहे : मांजर रोडावत असल्याचे हा काटा वेळेत सांगतो का, आणि ते कळल्यावर कारणाच्या शोधात त्याची कितपत मदत होते.

मांजर वाळते आहे हे डोळ्यांना फार उशिरा दिसते. अंगावरचे केस शरीराचा आकार झाकतात, सैल कातडीमुळे पोट पूर्वीइतकेच लोंबते आणि मांजर रोज नजरेसमोर असल्याने संथ बदल जाणवत नाही. त्यातच दुखणे लपवणे हा या प्राण्याचा स्वभावच आहे. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम कमी झाले, तर त्याने शरीराचा दहावा भाग गमावलेला असतो; सत्तर किलोच्या माणसाचे सात किलो कमी होण्याएवढी ही गोष्ट गंभीर आहे. आहारात जाणीवपूर्वक कपात केलेली नसताना वजन ५ टक्क्यांनी घटले तर पशुवैद्यांना विचारावे आणि १० टक्क्यांनी घटले तर अजिबात थांबू नये, असा व्यवहारात उपयोगी पडणारा संकेत आहे. चार किलोच्या मांजरासाठी ५ टक्के म्हणजे फक्त २०० ग्रॅम.

मांजराला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहून वजाबाकी करायची, ही सर्रास वापरली जाणारी पद्धत इथेच तोकडी पडते. माणसांच्या बहुतेक काट्यांचे लघुतम माप १०० ग्रॅम असते आणि दोन वेगवेगळ्या मोजण्यांतील चुका एकमेकींत मिसळतात. जी घट आपल्याला पकडायची आहे, ती त्या चुकीतच बुडून जाते. बाळांच्या काट्याचा खरा फायदा हा आहे. तो मांजराला एकट्याला मोजतो आणि २०० ग्रॅमच्या फरकाबद्दल शंकेला जागा ठेवत नाही.

आता वापराबद्दल. तबकाची लांबी पुरेशी असल्याने मोठा बोकाही त्यावर नीट बसू शकतो, मात्र गुळगुळीत प्लास्टिकवर मांजराचे पंजे घसरतात आणि घसरलेले मांजर पुन्हा त्या वस्तूच्या जवळ यायला तयार होत नाही. तबकावर एक पातळ टॉवेल टाकून ‘टेअर’ दाबल्यास हा प्रश्न सुटतो. आमच्या काट्याची अधिक चीड आणणारी खोड म्हणजे बटण दाबताच होणारा कर्कश आवाज, जो बंद करण्याची सोय उत्पादकाने दिलेली नाही. म्हणून काटा आधी सुरू करून ठेवावा आणि मांजराला नंतर आणावे. भित्र्या मांजरासाठी त्याच्या ओळखीचे खोके किंवा नेण्या-आणण्याची पेटी आधी तबकावर ठेवून तिचे वजन वजा करावे. मांजर आपणहून आत शिरते आणि आकडा काही क्षणांत स्थिरावतो. ‘होल्ड’ची सोय चांगली आहे, पण सतत वळवळणाऱ्या मांजराच्या बाबतीत तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. लागोपाठ दोन-तीन आकडे घ्यावेत आणि ते २०-३० ग्रॅमच्या आत जुळले तरच नोंदवावेत.

काटा नेहमी कठीण, सपाट जमिनीवर आणि शक्यतो त्याच एका जागी ठेवावा. गालिच्यावर किंवा गादीवर ठेवलेल्या काट्याचे पाय रुततात, तबक खाली टेकते आणि वजन चुकीचे दिसते. अधूनमधून रिकामे भांडे ठेवून ‘टेअर’ करावे व त्यात मोजून एक लिटर पाणी ओतावे. आकडा एक किलोच्या अगदी जवळ यायला हवा. आपल्या कामासाठी काटा अचूक असण्यापेक्षा तो सातत्याने एकसारखा असणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण आपल्याला फरक मोजायचा आहे. याच कारणासाठी दवाखान्यातील काट्यावरचा आकडा आणि घरचा आकडा यांची सरमिसळ करू नये. दोन काट्यांतील फरक मांजराच्या माथी मारला जातो आणि विनाकारण घबराट उडते.

सोबत मिळणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल फारसे चांगले लिहिता येत नाही. ते बाळांच्या वाढीसाठी बनवलेले असल्याने जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जात नाही आणि बारा वर्षांच्या मांजराच्या वाढीबद्दल तीव्र चिंता व्यक्त करते. टक्केवारीतील घट, जी आपल्याला सर्वांत आधी हवी असते, ती मात्र कुठेच दाखवत नाही. साधी वही अधिक कामाची आहे, आणि तिच्यात वजनासोबत आणखी काय लिहायचे हे पुढे येईलच.

वजन रोज करू नये. खाणे, पाणी, लघवी आणि शी यांमुळे निरोगी मांजराचे वजन एका दिवसात ५० ते १०० ग्रॅम सहज वरखाली होते, आणि १० ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा काटा हाताशी असला की माणूस या निरर्थक चढउतारांत अर्थ शोधू लागतो. प्रौढ, धडधाकट मांजराचे महिन्यातून एकदा आणि दहा वर्षांपुढील मांजराचे पंधरवड्यातून एकदा, सकाळच्या खाण्याआधी वजन केले तर ते पुरेसे आहे. लागोपाठ तीन नोंदी एकाच दिशेने खाली गेल्या, तर तो कल खरा मानावा.

काट्याने घट दाखवली की त्याचे काम तिथे संपते, आणि उत्पादनाच्या जाहिरातीत जे कधीच लिहिलेले नसते ते इथून पुढे सुरू होते. घटीचा आकडा कारण सांगत नाही. कारणाकडे जाणारी वाट त्याच दिवसांतल्या इतर निरीक्षणांतून जाते, आणि त्यांत पहिला प्रश्न भुकेचा : मांजर पूर्वीसारखे किंवा पूर्वीपेक्षा जास्त खात असूनही वाळते आहे, खायची इच्छाच गेली आहे, की इच्छा असून खाता येत नाही? पशुवैद्यही हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात आणि नोंद नसेल तर बहुतेकांचे उत्तर गोलमाल असते.

भरपूर खाऊनही वाळणाऱ्या उतारवयातील मांजराच्या बाबतीत थायरॉइड ग्रंथीच्या अतिस्रावाचा विचार प्रथम होतो. मांजरांमधील हा विकार १९७९ साली पहिल्यांदा वर्णिला गेला आणि आज तो दहा वर्षांपुढील मांजरांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या विकारांपैकी एक आहे. मानेतील ग्रंथीची बहुधा कर्करोग नसलेली वाढ होते, संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार होते आणि शरीर अन्न अक्षरशः जाळत सुटते. याची फसवी बाजू अशी की मांजर आजारी दिसतच नाही. ते हावरटासारखे खाते, म्हातारपणी पुन्हा पळू-उड्या मारू लागते, आणि घरातले लोक त्याच्या उत्साहाचे कौतुक करतात. रात्री-अपरात्री मोठ्याने ओरडणे, विस्कटलेले केस, वाढलेली तहान, अधूनमधून उलट्या आणि छातीवर हात ठेवला तर जाणवणारी भरधाव धडधड ही लक्षणे एकेकटी पाहिली तर म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जातात. अशा मांजराच्या बाबतीत पहिली निःसंदिग्ध खूण बहुधा काट्यावरच उमटते. निदान रक्तातील टी-फोर या संप्रेरकाच्या तपासणीने होते. विकार अगदी सुरुवातीचा असेल किंवा सोबत दुसरा आजार असेल तर हा आकडा मर्यादेतही येऊ शकतो, म्हणून एका ‘नॉर्मल’ अहवालावर शंका सोडून देऊ नये. गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन, शस्त्रक्रिया आणि आयोडीन अत्यल्प असलेला विशेष आहार असे उपचारांचे पर्याय आहेत. गोळ्या सुरू झाल्यावर काटा पुन्हा कामाला येतो, कारण वजन परत भरू लागणे हे उपचार लागू पडत असल्याचे एक चांगले लक्षण आहे.

या विकारावर उपचार करताना मूत्रपिंडांची तपासणी का जोडली जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. थायरॉइडच्या अतिस्रावामुळे मूत्रपिंडांतून वाहणारे रक्त वाढते आणि त्यांची खालावलेली कार्यक्षमता झाकली जाते. थायरॉइड आटोक्यात आले की ती उघडी पडते. उपचारांनी मूत्रपिंडे बिघडवली असा समज करून औषध परस्पर बंद करणारे लोक असतात, तसे करू नये.

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराबद्दलची एक माहिती मला या काट्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक मांजरांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले की या विकाराच्या निदानाच्या तब्बल तीन वर्षे आधीपासून मांजरांचे वजन घटू लागलेले असते, आणि निदानाआधीच्या १२ महिन्यांत ही घट साधारणपणे ९ टक्क्यांच्या घरात गेलेली असते. रक्तातील क्रिएटिनिन हा नेहमीचा निर्देशक मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यावरच ठळकपणे वाढतो. एसडीएमए ही नवी तपासणी त्याआधी इशारा देते, पण ती करून घ्यावी असे कोणाच्या तरी मनात आधी यावे लागते. घरच्या वहीतील उतरता आकडा नेमके तेच काम करतो. सोबत पाणी पिणे वाढले असेल, लिटरच्या (मांजराच्या शी-लघवीसाठीच्या वाळूच्या) ट्रेमधील लघवीचे गोळे मोठे झाले असतील आणि भूक मंदावली असेल, तर रक्तासोबत लघवीचीही तपासणी करून घ्यावी. लघवी किती दाट आहे आणि तिच्यात प्रथिन उतरते का, या दोन गोष्टी रक्ताच्या अहवालाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मधुमेहातही तहान व लघवी वाढते, भूक चांगली राहते आणि वजन उतरते. तो लठ्ठ आणि नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये अधिक दिसतो, त्यामुळे सुरुवातीची घट घरच्यांना इष्टच वाटते. काही मांजरे पुढे मागच्या पायांची टाच टेकवून चालू लागतात. दवाखान्यातील ताणाने मांजराची रक्तशर्करा वेळेपुरती वाढू शकते, म्हणून एका मोजणीवर निदान न करता लघवीतील साखर किंवा मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामिन तपासणी केली जाते. तहान वाढल्याची शंका असेल तर अंदाज न करता वाडग्यात मोजून पाणी ओतावे आणि चोवीस तासांनी उरलेले मोजावे. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून जास्त पाणी पिणे निश्चितच असाधारण आहे. पाण्याचे वाडगे ग्रॅममध्ये तोलता येते, हा या काट्याचा एक अनपेक्षित उपयोग.

आतड्यांचे विकार सर्वांत जास्त चकवतात. आठवड्यातून एखादी उलटी ‘केसांचा गोळा’ म्हणून सोडून दिली जाते, शी कधी सैल कधी बरी असते, आणि वजन मात्र महिन्याला चाळीस-पन्नास ग्रॅमने, कोणाच्या ध्यानात न येता, झिरपत राहते. यामागे आतड्यांचा जुनाट दाह असू शकतो किंवा आतड्यातील संथ गतीचा लिम्फोमा हा कर्करोग असू शकतो, आणि सोनोग्राफीतही दोन्ही अनेकदा सारखेच दिसतात. खात्रीसाठी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. अशा मांजरांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते आणि ती भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचार नीट लागू पडत नाहीत. संथ गतीच्या लिम्फोमाची कित्येक मांजरे गोळ्यांच्या उपचारांवर दीर्घकाळ चांगली राहतात, तेव्हा केवळ नावाला घाबरून तपासणी टाळणे योग्य नाही.

मांजर वाडग्याकडे धावत येते, वास घेते आणि मागे फिरते. किंवा एका बाजूने चावते, घास खाली पाडते, लाळ गाळते. इथे इच्छा आहे पण तोंड दुखते आहे. हिरड्यांचा तीव्र दाह आणि दाताचा भाग आतून झिजत जाण्याचा विकार मांजरांमध्ये बराच आढळतो. हिरडीखालची झीज नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी भूल देऊन दातांचा एक्स-रे काढावा लागतो. जंतांबद्दल थोडक्यात : पिल्लांमध्ये आणि बाहेर फिरणाऱ्या मांजरांमध्ये ते वजन न भरण्याचे नेहमीचे कारण आहे, पण म्हाताऱ्या घरकोंबड्या मांजराची मोठी घट जंताच्या औषधाने थांबेल अशी आशा धरून महिने घालवू नयेत.

कारण दर वेळी रोगच असेल असेही नाही. खाणे बदलले, नवे मांजर घरात आले, वाडगी शेजारी-शेजारी ठेवली आणि एकाने दुसऱ्याला गुपचूप हाकलले, तरी वजन उतरते. अनेक मांजरांच्या घरात हा काटा त्यासाठीच उपयोगी आहे : एकाचे वजन घटते आहे आणि दुसऱ्याचे त्याच काळात वाढते आहे, असे दिसले तर तपासण्यांआधी वाडगी वेगळ्या खोल्यांत ठेवून पाहावीत. वयाचाही भाग असतो. अकरा-बारा वर्षांपुढे अनेक मांजरांची प्रथिने आणि चरबी पचवण्याची क्षमता कमी होते व स्नायू झिजतात. मात्र ‘वय झाले’ हा निष्कर्ष बाकीची कारणे तपासून झाल्यावरच काढायचा असतो.

काटा जिथे सपशेल फसतो, ती जागाही सांगायला हवी. तरुण मांजरांना होणाऱ्या एफआयपी या विषाणुजन्य आजाराच्या एका प्रकारात पोटात पाणी साठते. हृदयविकारात छातीत किंवा पोटात द्रव साठू शकतो. पोटातील गाठ वाढत जाते. अशा वेळी स्नायू झडत असतात आणि काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही, उलट वाढतोही. म्हणून वजन करताना त्याच वेळी हातही फिरवावा. बरगड्या हलक्या दाबाने जाणवाव्यात पण टोचू नयेत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे, खांद्यांवरचे आणि मांड्यांचे मांस भरलेले असावे. पशुवैद्य शरीराची ठेवण ९ गुणांच्या श्रेणीत मोजतात, ज्यात ५ हा आदर्श मानतात आणि स्नायूंची झीज वेगळी पाहतात, कारण लठ्ठ मांजराचेही स्नायू झिजू शकतात. त्या श्रेणीतला आपल्या मांजराचा गुण एकदा डॉक्टरांकडून समजून घेतला की घरी हाताचा अंदाज बसतो.

उलट्या दिशेचा धोका लठ्ठ मांजराला असतो. सहा-सात किलोचे मांजर अचानक खायचे थांबले आणि वजन भराभर उतरले, तर ते सुदैव मानू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही शरीरातील चरबी यकृतात साठून यकृत निकामी होण्याच्या वाटेला लागू शकते, आणि कावीळ दिसेपर्यंत थांबणे जीवघेणे ठरते. मुद्दाम वजन उतरवायचे असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के एवढीच घट सुरक्षित समजली जाते. सहा किलोच्या मांजरासाठी ते ३० ते १२० ग्रॅम होतात, आणि एवढे बारीक अंतर सांभाळायला हाच काटा लागतो.

तेव्हा वहीच्या प्रत्येक ओळीत तारीख आणि वजनानंतर चार शब्द हवेत : भूक, तहान व लघवी, उलटी किंवा शी, आणि पाठीच्या स्नायूंबद्दल हाताला जाणवलेले. अशी काही महिन्यांची नोंद दाखवली की डॉक्टरांचा पहिला अंदाज बराच नेमका होतो आणि कोणत्या तपासण्या आधी करायच्या ते लवकर ठरते.

पर्यायांपैकी, मांजर शीला बसले की आपोआप वजन टिपणारी लिटरची यंत्रे मोहक आहेत. मांजराला उचलावे लागत नाही आणि दिवसात किती वेळा लघवी झाली तेही कळते. पण सारख्या वजनाची दोन मांजरे असतील तर नोंदींची सरमिसळ होण्याचा धोका असतो, आणि एकाच्या घटीची माहिती दुसऱ्याच्या नावावर गेली तर यंत्राचा मुख्य उपयोगच नाहीसा होतो. एकच मांजर असेल आणि ते हाताळू देत नसेल, तर मात्र ते यंत्र या काट्यापेक्षा सरस ठरू शकते.

बाळांचा काटा घ्यायचा झाल्यास क्षमतेच्या मोठ्या आकड्याला भुलू नये; लघुतम माप १० ग्रॅम किंवा त्याहून कमी आहे का, तबकाला उंच कडा नाहीत ना, आवाज बंद करता येतो का आणि एककाचे बटण चुकून दाबले जाऊन किलोऐवजी पौंड दिसण्याची शक्यता किती आहे, एवढे पाहावे. प्रौढ मांजर असलेल्या घरासाठी, विशेषतः मांजराने सात-आठ वर्षे ओलांडली असतील तर, मी हा काटा निःशंकपणे सुचवतो. नवजात पिल्लांसाठी मात्र तो घेऊ नये. जन्मतः ती सुमारे १०० ग्रॅमची असतात आणि दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढतात, त्यामुळे १० ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर वाढ खुंटली आहे की नाही हे एका दिवसात कळणारच नाही; त्यांच्यासाठी १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील छोटा काटा घ्यावा आणि त्यावर एक खोलगट वाडगे ठेवावे.